डावं चाक आईचं

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. रंग उडालाय, एक आरसा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आहे, आणि डाव्या दाराला आतून खांदा दिल्याशिवाय ते उघडत नाही. असू दे. दार अडलं म्हणून अजून कुणाचं काही अडलेलं नाही.

मी जन्मलो एका मोठ्या कारखान्यात. पुढे माणसांना बसायला केबिन, मागे सामानाला हौदा आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर. इतर गाड्या दोन चाकांवर भागवतात आणि चिखल दिसला की अंग चोरतात. मला ते कधी जमलं नाही. पहिली काही वर्षं मी डोंगरावर विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्यांकडे होतो. खांब, तारांची भेंडोळी, थकलेली माणसं, सगळं वाहिलं. तेव्हा सगळे म्हणायचे, "हा आहे म्हणून आपलं काम होतंय." मग नव्या गाड्या आल्या आणि मला कुंपणाला लावून ठेवलं. चाकांभोवती गवत वाढलं, तरी कुणी फिरकलं नाही. त्याचा मला अजूनही राग आहे.

तिथून मला एका नव्यानेच लग्न झालेल्या जोडप्याने आणलं. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, बायको इस्पितळात नर्स आहे. आता त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा आहे, म्हणून मीही त्या दोघांना आई-बाबाच म्हणतो. मुलांनी माझं नाव ठेवलं रेडोबा. आधी जरा लागलं मनाला. पण रेडा कुणाच्या बापाला घाबरत नाही, तेव्हा चालवून घेतलं.

आमचा शनिवार दुरुस्तीचा आणि रविवार भटकंतीचा. शनिवारी बाबा फाटका शर्ट घालून माझ्याखाली शिरायचे, बाहेर नुसते पाय दिसायचे. आई पान्हे द्यायची.

"बारा नंबर दे गं."

"बारा तुमच्याच खिशात आहे."

थोरली ऑइल बघायची काडी पुसायची. धाकटा हॉर्न तपासायचा, म्हणजे उगीचच वाजवायचा. रविवारी हौद्यात चटया, उकडलेली अंडी आणि पाण्याचे कॅन टाकून आम्ही निघायचो. जिथे रस्ता संपतो तिथून आमची सहल सुरू व्हायची.

आता एक गोष्ट नीट ऐका. माझ्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती आहे. साध्या रस्त्यावर ती मोकळी ठेवायची. चिखल किंवा वाळू आली की खाली उतरून हाताने पिळून बसवायची, तरच पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. एकच चकती बसवली तर सगळा जोर मोकळ्या बाजूने निसटतो आणि पुढची दोन्ही चाकं ढिम्म राहतात. या घरात पहिल्या सहलीपासून ठरलेलं होतं: उजवं चाक बाबांचं, डावं चाक आईचं. दोघं दोन दारांनी उतरायची, आपापली चकती पिळायची आणि परत चढायची. कुणी कुणाला सांगायचं नाही की विचारायचं नाही.

पण यंदा घरात धुसफूस सुरू झाली. आईच्या रात्रपाळ्या वाढल्या. शनिवारी तिला झोप हवी असायची आणि माझ्या पोटाखालून बाबा ओरडायचे, "अगं, सतरा नंबर!" एके दिवशी तिने सतरा नंबर दिला, पण जमिनीवर आपटून.

"तुमची पाठ धरते, माझी झोप जाते, मुलं ग्रीसमध्ये लोळतात. पुरे झालं आता. विकून टाका याला."

बाबा माझ्याखाली आणखी आत सरकले. मग तिनेच सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाला फोन केला. पुढच्या शनिवारी न्यायला येतो, म्हणाला. नेऊन काय करणार होता ते मी ओळखून होतो. इंजिन एका गिऱ्हाइकाला, दारं दुसऱ्याला. मला भीती वाटली नाही, संताप आला. ज्यांना इतकी वर्षं पाठीवर घेतलं, त्यांनी मला असं तुकड्यातुकड्यांनी घालवावं?

शेवटची सहल म्हणून रविवारी आम्ही नदीवर निघालो. मुलांचा मामाही त्याच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीतून आला. माझ्या केबिनमध्ये आई-बाबांचं बोलणं मुलांमार्फत चाललं होतं.

"बाबांना सांग, वळण आलंय."

"आईला सांग, मला दिसतंय."

नदी आटलेली होती, पात्रात नुसती ओली वाळू आणि चिखल. मामाने गाडी काठावरच लावली. पलीकडच्या झाडांखाली जायचं म्हणून बाबांनी मला उतारावर थांबवलं. आईने दाराला हात घातला, तर ते म्हणाले, "तू बस. मी बघतो सगळं."

ती हाताची घडी घालून बसली. बाबा उतरले, उजवी चकती पिळली आणि सरळ परत येऊन बसले. मला सगळं कळत होतं, पण ओरडणार कसा? हॉर्न माझा असला तरी दाबावा दुसऱ्याने लागतो.

व्हायचं तेच झालं. पात्राच्या मध्यावर मागची चाकं रुतली. बाबांनी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, इंजिन रेटलं. मागून चिखलाचे फवारे उडाले, मी तसूभर हललो नाही.

"भाऊजी, सोडा आता!" मामा काठावरून ओरडला. "म्हातारा झालाय तो! त्या भंगारवाल्यालाच इथे बोलवा!"

धाकटा रडायला लागला. बाबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "संपला बिचारा," ते म्हणाले.

बिचारा! मित्रांनो, टायरमध्ये खिळा घुसला तर मी सोसतो, पण हा शब्द मला सोसवला नाही. माझं इंजिन धडधडत होतं, चारही चाकं शाबूत होती. मी कच खाल्ली नव्हती.

आई खिडकीतून वाकून बघत होती. कुठे दुखतंय ते पेशंटने सांगायच्या आत ओळखायची तिची सवय.

"पुढची चाकं फिरतच नाहीयेत," ती थेट बाबांना म्हणाली. "चकत्या बसवल्यात ना?"

"बसवली की."

"बसवली? म्हणजे एकच? सगळं बघतो म्हणालात ना? काय बघितलंत? आणि म्हणे लोकांचे डोळे तपासता!"

बाबा ओशाळले. "डावं चाक तुझं आहे गं," ते हळूच म्हणाले. "माझा हात तिकडे कधी गेलाच नाही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने दाराला खांदा दिला आणि नव्या बुटांसकट चिखलात उतरली. चकती गाळाने भरली होती. तिने बोटांनी गाळ उकरला, चकती पिळून बसवली आणि बाजूला सरकून ओरडली, "द्या आता!"

आणि मी निघालो! पुढच्या चाकांनी वाळू धरली, मागच्यांना खेचून वर काढलं, आणि मी थेट पलीकडच्या झाडांखाली जाऊन थांबलो. आई मागून चिखल तुडवत आली. गुडघ्यापर्यंत माखली होती आणि पोट धरून हसत होती.

"ये रे आता!" ती मामाला ओरडली. "गाडी घेऊन येतोस की बूट हातात घेऊन?"

मामा बूट हातात घेऊन आला.

अंडी सोलता सोलता आईने बाबांना बजावलं, "एक शनिवार याचा आणि एक माझ्या झोपेचा. झोपेच्या शनिवारी खालून हाक आली, तर मीच भंगारात निघून जाईन."

"कबूल," बाबा म्हणाले, आणि अंड्यातला पिवळा भाग तिच्या पुढ्यात सरकवला.

पुढच्या शनिवारी तो सुटे भाग विकणारा ठरल्याप्रमाणे आला. मला कापायचं सामान बरोबर घेऊनच आला होता. माझ्याखालून बाहेर आलेले चार पाय बघून तो गोंधळला.

"गाडी न्यायला आलोय," तो म्हणाला.

"द्यायची नाही," आई खालून म्हणाली. "पण आलाच आहात तर तो दिवा जरा इकडे धरा."

आणि त्याने मुकाट्याने धरला.

मित्रांनो, जुनं ते सगळं सांभाळाच, असं मी म्हणत नाही. पण एखाद्याला निकामी ठरवायच्या आधी चिखलात उतरा, वाका, आणि काम त्याने सोडलंय की तुम्ही सोडलंय ते बघा. आणि माझ्याकडे बघून हळहळू तर मुळीच नका. चढ दाखवा, चढून दाखवतो.