भोंगाकाकांचा शेजारी

भोंगाकाका बोलू लागले की झाडावरचे कावळे उडून पलीकडच्या झाडावर जायचे, आणि तिथंही त्यांना शब्द न् शब्द ऐकू यायचा. थाप वाटेल, पण एकदा ते शिंकले तेव्हा मागच्या गल्लीतल्या न्हाव्यानं दचकून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. उरलेली अर्धी घेऊन तो माणूस भांडायला आला. काकांना ओ की ठो ऐकू आलं नाही. त्यांनी त्याला चहा पाजला.

उभा जन्म बॉयलरच्या पोटात शिरून घण मारण्यात गेला. कान तिथंच राहिले. बायको गेल्यावर खोलीत उरले काका आणि एक भिंत. भिंतीपलीकडे शिंपी. त्याचं दार मागच्या गल्लीत, आणि काकांच्या गुडघ्यांना ती गल्ली म्हणजे परगाव. पण संध्याकाळी भिंतीला तळहात लावला की शिलाई मशीनची थरथर कळायची. मग काका दिवसभराचं सगळं सांगत बसायचे. थरथर थांबली की शिंपी कान देतोय, सुरू झाली की हुंकार भरतोय. इतकं गुणानं बायकोनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी डॉक्टरीच्या कॉलेजातली एक मुलगी फेलोशिपवर वस्तीत येऊ लागली. कारखान्यांत कान गमावलेल्या म्हाताऱ्यांना तपासायचं, कानाचं यंत्र बसवायचं आणि वर्षभर मागे लागून ते वापरायला लावायचं, हे तिचं काम.

“बसवा, डॉक्टरीणबाई!”

“काका, मी अजून डॉक्टर नाही,” ती त्यांच्या कानाशी ओरडली. “अर्धीच झालेय!”

“चालेल! मला तरी कुठं सगळ्यांचं सगळं ऐकायचंय?”

यंत्र लागलं आणि काका दचकून मागं बघू लागले, एवढं बोंबलतंय कोण म्हणून. ते स्वतःच होते.

त्या संध्याकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते भिंतीशी बसले. “शिंपीबुवा, आजवर मीच बोललो. आज तुम्ही बोला.”

थरथर थांबली. काका वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं थरथर सुरू झाली, बरोबर नुसती घरघर. माणसाचा आवाज नाहीच.

सकाळी त्यांनी यंत्र वस्तीत मांडलेल्या तिच्या टेबलावर ठेवलं. “बिघडलेला माल दिलास, पोरी.”

तिनं ते पुन्हा त्यांच्या कानात बसवलं. मागं उभं राहून टाचणी टाकली. “टाचणी,” काका म्हणाले. कागद चुरगळला. “कागद. मग शिंप्याचंच ऐकू येत नाही, ते का?”

ती त्यांच्याबरोबर खोलीवर आली. भिंतीला कान लावला. मग वळसा घालून मागच्या गल्लीत जाऊन आली आणि दारातच उभी राहिली. तिचा चेहरा बघून काकांनी घाईघाईनं म्हटलं, “यंत्रच बिघडलंय, असं म्हण की गं.”

“तसं म्हटलं तर मला ते परत घ्यावं लागेल.”

“घे ना.”

तिनं हात पुढं केला, आणि मागं घेतला. “यंत्र चांगलं आहे, काका. शिंपी केव्हाच मुलाकडं राहायला गेलाय. त्या खोलीत आता पाण्याचा पंप आहे.”

काकांनी भिंतीवर तळहात ठेवला. “आमच्या हिचं आजारपण सांगितलं होतं मी त्याला,” ते म्हणाले. “तेव्हा किती वेळ गप्प बसला होता!”

“टाकी भरली असेल,” ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली, आणि तेही काकांना ऐकू आलं. तिनं जीभ चावली.

काका हसले. हसू फार टिकलं नाही. “बस. तू तरी बोल काहीतरी. ओरडू नकोस.”

ती बसली. मग हळूहळू सांगू लागली. होस्टेलमधली जोडीदारीण खोली सोडून गेली. आता जेवताना ही एकटीच समोर मोबाइल उभा करून ठेवते, कुणीतरी बोलत असावं म्हणून. आईला फोनवर सांगते, मजेत आहे. काका मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. वस्तीत कुणाचा विश्वास बसला नसता.

पुढचं घर वाट बघत होतं. “येते, काका.”

आजवर माणसं त्यांच्याजवळून गेली ती नुसती दिसेनाशी झाली. जाण्याला आवाज असतो, हे ते विसरूनच गेले होते. तिच्या चपला पायरीवरून उतरल्या, बाहेरच्या फरशीवर वाजल्या, वळणापाशी बारीक झाल्या. काकांनी यंत्र काढायला हात कानाकडं नेला आणि तसाच धरून ठेवला. अजून थोडं ऐकू येत होतं.