माझ्यामागे येऊ नका

मी बोलतोय, कपाटावरचा पिवळा रबरी चेंडू. माझी निम्मी हवा गेली आहे आणि एका बाजूचे पोपडे निघालेत. तरी मामा मला टाकू देत नाही.

मामा तलावावर पोहायला शिकवतो. पदकं मिळवलेला गडी! दुकानात चार चेंडू दाबून, आपटून, नाकारून त्याने भाचीसाठी मला निवडलं. त्याच्या कार्यालयाच्या भिंतीवर त्यानेच रंगवलेलं वाक्य आहे : 'प्रवाहाविरुद्ध पोहतो तोच खरा.'

सुट्टीत आम्ही समुद्रावर गेलो. मामा, त्याची ताई, तिची मुलगी आणि मी. जीवरक्षकाने झेंडे लावले होते तिथे गर्दी होती, लाटाही फुटत होत्या. मामाला मात्र थोडी पलीकडची जागा आवडली. तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी काळपट आणि संथ होतं. जवळच्या फलकावर त्याने टॉवेल टाकला.

"इथे बघ, आपला तलावच जणू!"

"मग सगळे तिकडे का गेलेत?" ताईने विचारलं.

"मेंढरं आहेत ती."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी या संथ पट्ट्यातूनच समुद्रात परतत होतं. भाचीच्या हातून मी निसटलो आणि वारा नसतानाही कुणी ढकलल्यासारखा आत निघालो. ती रडू लागली. मामाने मागचापुढचा विचार न करता पाण्यात धाव घेतली. एका रबराच्या गोळ्यासाठी!

मी काही त्याच्या हाती लागलो नाही. मग तो किनाऱ्याकडे वळून हात मारू लागला. काय ते हात! पण पाणी त्याला मागेच नेत होतं. त्याला लागलेली धाप मला ऐकू येऊ लागली, तेव्हा मी खरंच घाबरलो.

ताई गुडघाभर पाण्यात आली आणि थांबली. ते थांबणं तिला किती जड गेलं असेल! लेकीचा दंड घट्ट धरून तिने जीवरक्षकाला हाका मारल्या. मग फलकावरचा टॉवेल ओढला, खालची अक्षरं वाचली आणि टॉवेल आडवा हलवत ओरडली, "बाळ्या, पाण्याशी भांडू नकोस! पाठीवर पड! मग आडवा पोह, किनाऱ्याच्या कडेकडेने!"

तिचे शब्द अर्धेच पोचले असतील. पण मी त्याच्या जवळच होतो. मला हातपाय नाहीत, त्यामुळे धडपडही नाही. लाटांपलीकडे ओढ संपली होती आणि मी तिथे निवांत डुलत होतो. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि पाठीवर पडून राहिला. दम परत आल्यावर तो आडवा पोहत लाटा फुटत होत्या तिकडे सरकला. तिथे जीवरक्षकाने त्याला गाठलं.

संध्याकाळी एका लाटेने मलाही दूरवर वाळूत आणून टाकलं.

"हा बघ, काहीही न करता आला," ताई म्हणाली. मामाने मला पोटाशी धरलं.

भिंतीवरचं वाक्य त्याने पुसलं नाही. त्याखाली फक्त दोन शब्द लिहिले : 'समुद्रात नाही.' नवी मुलं ते वाचून हसतात. मग तो मला खाली काढतो आणि सगळं सांगतो.

माझं एवढंच म्हणणं आहे. माझ्यासारखा एखादा हातून निसटला तर खुशाल रडा, पण मागे येऊ नका. आम्ही बहुधा येतो परत. नाहीच आलो, तर दुकानात चेंडू पुष्कळ आहेत. मामा मिळत नाही.