मंगळवारच्या ओझतुर्कबाई

"अहो, श्वास सोडा," साधना म्हणाली. "चेन वर जात नाहीये."

श्रीपादरावांनी श्वास सोडला. चेन गळ्यापर्यंत गेली आणि रस्ता खणणारे लोक घालतात तसलं भडक नारिंगी जाकीट त्यांच्या अंगावर घट्ट बसलं. पाठीवर ठळक अक्षरांत 'लोत्से' छापलेलं. बंदरात शिरणाऱ्या जहाजाला वाट दाखवणारा जो वाटाड्या, त्याला जर्मनीत लोत्से म्हणतात. आणि ही पाठ कुणाची, तर तिकिटाच्या यंत्राला घाबरून नेकारसुल्म ते हाइलब्रोन पायी जाणाऱ्या गृहस्थाची.

"गळ्याशी घट्ट होतंय गं."

"होणारच. पण मी म्हणते, हो म्हणालातच कशाला?"

"साहेबांनी विचारलं."

"साहेब कुठल्या? फ्राऊ लांगे बाई आहेत."

"मग तर बोलायलाच नको."

श्रीपाद टिकेकर भित्रे होते असं म्हणणं म्हणजे नेकार नदी ओलसर आहे असं म्हणणं. पावाच्या दुकानातली बाई, वेगवेगळ्या रंगांचे कचऱ्याचे डबे, दुपारी वाजणारी दाराची घंटा, सगळ्यांना ते घाबरत. पण खरी भीती एका शब्दाची होती. 'नाही' हा शब्द मोठ्या माणसासमोर त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात निघाला नव्हता. सांगलीच्या तंत्रनिकेतनात ते गणित शिकवत तेव्हाची गोष्ट. प्राचार्य म्हणाले, "टिकेकर, यंदा पोहण्याचा संघ तुम्ही घ्या." टिकेकरांना पोहता येत नव्हतं. ते हो म्हणाले. कृष्णेच्या घाटावर सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून, खांबाला मिठी मारून आणि डोळे मिटून त्यांनी पोरांना पोहायला शिकवलं. संघ जिल्ह्यात पहिला आला. खोटं वाटत असेल तर सांगलीला जाऊन ढाल बघून यावं. ती सापडेलच अशी हमी मात्र नाही.

पुढे साधनाला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि बायकोमागे नवरा जर्मनीला आला. या स्वाबियन मुलखात जिना झाडायची पाळी असते, एका आठवड्याला एक बिऱ्हाड. खालच्या आजीबाईंनी एकदा कंबर धरून विचारलं, "एवढा आठवडा माझी पाळी कराल का?" श्रीपादराव हो म्हणाले. हे वरच्यांनी ऐकलं, मग त्याच्या वरच्यांनी. तेव्हापासून इमारतीतल्या यच्चयावत पाळ्या टिकेकरांच्या. जिना इतका लख्ख झाला की पोस्टमन बूट हातात घेऊन वर येई.

"आज त्या येतील," श्रीपादराव दाराशी थबकून म्हणाले.

"कोण?"

"ओझतुर्कबाई. मंगळवारच्या."

कारखान्यात साधनाच्या हाताखाली खंडीभर जर्मन इंजिनिअर होते. समोरच्याने काय लपवलंय हे तिला गाडीच्या आवाजावरून बिघाड कळावा तसं कळे. "वर्ग बंद झाल्याचं तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सुट्टी लागली ना मध्ये."

"अहो!"

मंगळवारचा वर्ग हे सबंध जर्मनीत असं एकच ठिकाण होतं जिथे श्रीपादराव कुणाला घाबरत नसत. गावात मोठ्या माणसांची संध्याकाळची शाळा होती. कुणीही यावं, आवडेल त्या वर्गात बसावं. श्रीपादराव मंगळवारी 'सगळ्यांसाठी गणित' घेत. पोरं यायची, निवृत्त कामगार यायचे, पुन्हा नाहीसे व्हायचे. पहिल्या बाकावर कायम ओझतुर्कबाई. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या. धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून लहानपणी तुर्कस्तानात, अनातोलियात, त्यांची शाळा सुटली होती. इथे त्या सगळ्यांच्या आधी येत, फळा पुसत आणि बाकावर हाताची घडी घालून बसत. परीक्षा नको, दाखला नको. अपूर्णांकाचा भागाकार जमला की स्वतःच टाळी वाजवत. श्रीपादरावांना त्या 'होजाम' म्हणत. आपण 'गुरुजी' म्हणतो तसं.

मग फ्राऊ लांगे प्रमुख होऊन आल्या. तरतरीत बाई, मनाने स्वच्छ. "आल्झो, तर मग," त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "ही शाळा आहे की जत्रा? लोक येतात, इथे डोकावतात, तिथे डोकावतात आणि रिकाम्या हातांनी घरी जातात. दोष त्यांचा नाही. आपण त्यांना वाटच दाखवत नाही." हे खरं होतं आणि श्रीपादरावांनाही पटलं होतं. म्हणून चार मार्ग ठरले: रुग्णसेवा, कारखाना, कचेरी आणि शाळेचा राहिलेला दाखला. कुठला विषय कुणी कधी शिकायचा ते पक्कं, शेवटी परीक्षा. मार्गावर नसलेले वर्ग बंद.

जूनमध्ये त्यांनी श्रीपादरावांना बोलावून, जर्मन रीतीने 'हेर' म्हणजे श्रीयुत लावून, सरळ विचारलं होतं, "हेर टिकेकर, तुमचा मंगळवार कुठल्याच मार्गावर बसत नाही. बंद केला तर तुमची हरकत आहे?"

हरकत घशापर्यंत आली, तिथे तिला प्राचार्य दिसले आणि ती मागे फिरली. "नाही नाही, हरकत कसली," श्रीपादराव म्हणाले. उभ्या जन्मात एकदा 'नाही' निघालं, तेही होकाराच्या कामाला.

"आणि पहिल्या दिवशी लोत्से म्हणून उभे राहाल? लोकांना तुमची भीती वाटत नाही."

"या, गेनाऊ," श्रीपादराव म्हणाले. म्हणजे जर्मनमध्ये 'हो, अगदी बरोबर'.

आता दोन हजार चौदाच्या सप्टेंबरातली ती संध्याकाळ येऊन ठेपली होती. शाळेच्या दालनात फरशीवर चार रंगांच्या रुंद चिकटपट्ट्या लावल्या होत्या. दारातून आत आल्यावर त्या फुटून चार खोल्यांकडे जात. फुटतात तिथे, चौकात, नारिंगी जाकिटात श्रीपादराव. बाजूला फ्राऊ लांगे आणि नगरपालिकेचे पाहुणे हातात ग्लास घेऊन उभे. पुढे रांग.

सुरुवात बरी झाली. कानात डूल घातलेला एक पोरगा आला. आत्तापर्यंत त्याने गिटार, स्पॅनिश आणि केक सजवणं असे तीन वर्ग अर्धवट सोडले होते.

"मोटारी आवडतात?" श्रीपादरावांनी विचारलं.

"उघडायला आवडतात. परत लावायला जमत नाही."

"हिरवी पट्टी."

पोरगा गेला तो पळतच. फ्राऊ लांगेंनी लांबून अंगठा दाखवला. श्रीपादरावांच्या तळहाताला घाम होता, पण काम चाललं होतं. प्रत्येक माणूस सरकला की ते मान उंच करून दाराकडे बघत. निळा रुमाल दिसला की काळजात धस्स होई. ओझतुर्कबाई डोक्याला निळा रुमाल बांधत.

आणि मग त्या समोर येऊन उभ्याच राहिल्या. रुमाल निळा नव्हता, आज नवा होता, फुलाफुलांचा. सणाला बांधतात तसा.

"होजाम! हे काय घातलंय? रस्ता खणताय की काय?"

"ओझतुर्कबाई..."

"फरशी किती सुंदर केलीय. सांगा, आपल्या मंगळवारचा रंग कुठला?"

मागे रांग दारापर्यंत गेली होती. कुणीतरी खोकलं. फ्राऊ लांगेंची नजर इकडे वळली, पाहुण्यांची वळली. श्रीपादरावांना एक शब्द हवा होता, कुठलाही, म्हणजे या बाई समोरून हलतील.

"निळा," ते म्हणाले.

"निळा?"

"निळा."

बाईंनी निळ्या पट्टीकडे पाहिलं. तिच्या तोंडाशी रुग्णशय्येचं चित्र होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही म्हणता तर," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

श्रीपादराव बघत होते. बाई पट्टीवरून चालल्या होत्या, पिशवी छातीशी धरून, मागे न बघता. वळणावर क्षणभर थांबल्या. विचारावं असं वाटलं असणार. विचारलं नाही. गुरुजींना कसं विचारायचं? ती न विचारणारी मान श्रीपादरावांनी चांगलीच ओळखली. दर सकाळी दाढी करताना ते तीच बघत.

"मी कुठे जाऊ?" रांगेतल्या पुढच्याने विचारलं. श्रीपादराव चौक सोडून पळत सुटले होते.

निळ्या खोलीच्या दारात बाई उभ्या होत्या. "होजाम, आत पलंग आहे. त्यावर रबरी म्हातारा झोपवलाय. गणित इथेच होणार?"

"नाही."

"मग?"

पण तोवर फ्राऊ लांगेंच्या टाचा मागून वाजत आल्या. "हेर टिकेकर, बरं वाटत नाहीये का? लोक रस्त्यावर उभे आहेत."

श्रीपादरावांनी भिंत धरली. डोळे मिटले. "नाही," ते म्हणाले. "मंगळवारचा वर्ग बंद करायला माझी हरकत आहे. यांना कुठेच पोचायचं नाहीये. यांना फक्त शाळेत बसायचंय. लहानपणी बसता आलं नाही म्हणून."

आता छत कोसळेल. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, साधनाच्या कारखान्याला कुलूप लागेल. श्रीपादराव वाट बघत राहिले. काही कोसळेना, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

फ्राऊ लांगे मान किंचित कलती करून विचार करत होत्या. "गुट, ठीक," त्या म्हणाल्या. "हे कारण चांगलं आहे. जूनमध्ये का नाही सांगितलंत?"

"अं?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. मनापासून विचारलं होतं. तेव्हा म्हणाला असतात तर मंगळवार ठेवला असता. आता खोली दिली, वेळ दिली, शिक्षक नेमले. या वर्षी काही करता येणार नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर श्रीपादरावांना सोसलं असतं. त्यांनी श्रीपादरावांच्या दंडाला हलकेच हात लावला. "थोडं पाणी प्या. मी चौकात उभी राहते." आणि गेल्या.

एवढंच होतं. 'नाही' म्हटल्यावर एवढंच होत होतं. जूनमध्येही एवढंच झालं असतं. मघाच्या भीतीला निदान तळ होता, याला तोही नव्हता.

ओझतुर्कबाईंना सगळं समजलं होतं. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

"जूनमध्ये त्यांनी मला विचारलं होतं," श्रीपादराव म्हणाले. "मी चालेल म्हणालो."

"का?"

"भीती वाटली."

"त्या बाईंची?" त्यांनी वळून चौकाकडे पाहिलं. "चांगल्या वाटतात की."

"चांगल्याच आहेत." मग घाईघाईने ते म्हणाले, "तुम्ही आमच्या घरी या ना. मंगळवारीच. स्वयंपाकघरातलं टेबल मोठं आहे. साधना चहा करेल, मी फळासुद्धा आणतो एक."

"घरी?" बाई हसल्या. "होजाम, घरी तर मी रोजच असते."

"दाखल्याच्या मार्गाला येता?" श्रीपादरावांनी हळूच विचारलं. "पिवळा. त्यात गणित आहे. परीक्षा असते, पण..." आणि ते थांबले. आपण पुन्हा रंग सांगतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. "तुम्हाला काय हवंय?"

बाईंनी खरोखर विचार केला. इतका वेळ, की दालनातून तीन माणसं तीन रंगांवरून निघून गेली.

"नको," त्या म्हणाल्या. "परीक्षेला बसले की मग ते काम होतं. काम माझ्याकडे आहे."

त्यांनी कोटाची बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत. श्रीपादरावांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. "पाणी प्या म्हणाल्यात त्या. प्या," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे निघाल्या.

दालन गजबजलं होतं. लोक पट्ट्यांवरून बिनधास्त बूट वाजवत चालले होते. बाई मात्र एकेका पट्टीपाशी थांबत, कोटाचा घेर आवरून धरत आणि कुणाच्या तरी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं तसं पाऊल उचलून पलीकडे टाकत. एकाही रंगाला त्यांनी पाय लागू दिला नाही. दाराशी आल्यावर रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन त्यांना बाहेर जायला वाट दिली.