सगळा दोष कॅमेऱ्याचा

कॅमेरा खराब आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. ब्रह्मपुरी डेपोत कंडक्टर होतो. कुणी दारात लोंबकळलं की गाडी थांबवून आधी त्याला आत घ्यायचो, मग त्याची आरती ओवाळायचो, मगच डबल बेल. निवृत्त झालो, पण आवाज काही निवृत्त झाला नाही.

कॅमेरा माझा नव्हे, माझ्या बायकोचा, सोमारीचा. ती कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावची, गोंडाची लेक. जन्मभर अंगणवाडी सेविका होती. पोरांना पक्ष्यांची नावं शिकवायची तर तक्त्यावर मोर, पोपट आणि कावळा सोडून चौथा पक्षी नसायचा. त्याचा तिला भारी राग. निवृत्त झाल्यावर नागभीडच्या कय्यूमभाईच्या स्टुडिओतून तिने एक जुना कॅमेरा घेतला आणि पहाटे आमच्या गावाबाहेरच्या बोडीवर जायला लागली. बोडी म्हणजे धानाच्या बांधीला, म्हणजे शेताला, पाणी देणारं लहानसं तळं. तिथे अडई, टिबुकली, खंड्या, काय वाट्टेल ते येतं. ती फोटो काढायची आणि नव्या सेविकेच्या मोबाइलवर पाठवायची. पोरं ते पाहून ओरडतात, असं ती मला रोज सांगायची. पोरांपेक्षा जास्त आनंद तिच्याच तोंडावर असायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर फोटो हलायला लागले. आधी एखादा हलायचा, मग दहातले पाच, मग जवळपास सगळे. खंड्याची चोच कुठे आणि डोळा कुठे, कळायचं नाही. मी कॅमेऱ्याला नावं ठेवली. लेन्सला बुरशी लागली म्हणालो. कय्यूमने जुना माल आपल्या गळ्यात मारला म्हणालो. सोमारी मात्र चहाचा कप आताशा अर्धाच भरायची, आणि दोन्ही हातांनी धरायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या घरात ती कुणी बोलत नव्हतं. सोमारीचा थोरला भाऊ कोलू. त्याचंही हातापासूनच सुरू झालं होतं. आधी विडी पेटवताना काडी थरथरायची. मग भाताचा घास तोंडापर्यंत जाईना. शेवटी शेवटी सोमारीच त्याला भरवायची. म्हणून कॅमेरा खराब असणं मला फार गरजेचं होतं.

"नवा घेऊ," मी एके दिवशी म्हणालो. "आपली पोरगी पुण्याहून सांगून राह्यली, आता लई भारी कॅमेरे निंघाले. पक्ष्याचा डोळा शोधून स्वतःच पकडते म्हणे."

सोमारीने हातातला कप खाली ठेवला. "घेऊ," ती म्हणाली. "पण एक सांगतो. नव्यानं बी फोटो हालला, तर मी सोडून देईन हे सारं. मंग मले बोडीवर चाल म्हणाचं नाई."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कय्यूमचा स्टुडिओ स्टेशन रोडला. आख्ख्या तालुक्याची लग्नं त्याने काढली आहेत. माणूस गरीब स्वभावाचा, आणि मी गेलो ते त्याच्या अंगावर धावूनच.

"कय्यूमभाऊ, हा काय डबडा देला तुम्ही आमाले?"

"बसा तर, खुशालभाऊ. बाई, तुम्ही बी बसा. चहा सांगतो."

"चहा गेला चुलीत. एक फोटो सरळ येईल तर शपथ."

त्याने जुना कॅमेरा हातात घेतला, काच पुसली, उजेडाकडे धरून आरपार पाहिली. मग पायरीवर जाऊन समोरच्या विजेच्या तारेवरच्या साळुंकीचा फोटो काढला. मी त्याच्या मागेच उभा होतो. मागच्या छोट्या पडद्यावर साळुंकी आली. डोळ्याभोवतीची पिवळी कडा, चोच, छातीवरचं एकेक पीस स्पष्ट. कुठेही काही हललेलं नव्हतं.

कय्यूमने एकदा आत बसलेल्या सोमारीकडे पाहिलं. अंगठा बटणावर दाबला आणि पडद्यावरची साळुंकी गेली.

"बरोबर हाय, भाऊ," तो मोठ्याने म्हणाला. "हा बी हालला. मशीन थकलं हे."

मी त्याच्याशी भांडायला आलो होतो, आणि त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले. पण मी काय केलं? मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो, "सांगत नव्हतो मी? दाखवा मंग नवे!"

त्याने तीन कॅमेरे काढून काचेच्या टेबलावर मांडले. पहिला हत्तीच्या सोंडेएवढ्या लेन्सचा. दुसरा हलका, लेन्स न बदलता येणारा, पण पार लांबचं जवळ आणणारा. तिसरा मधला, नव्या तऱ्हेचा. त्याच्या आत हात सावरून घ्यायची सोय होती. "तुमचा हात थोडा हालला ना, तर आतली काच उलटीकडं हालते, आन् फोटो जागीच राह्यते," कय्यूम म्हणाला. बोलताना त्याने 'थोडा' या शब्दावर जोर दिला, आणि लगेच मान खाली घातली.

सोमारी पायरीवर उभी राहिली. पहिला कॅमेरा तिच्याने उचलला गेला पण डोळ्यापर्यंत टिकला नाही. हलका घेतला तर तो उलट जास्तच नाचला. तिसरा तिने दोन्ही कोपरं पोटाशी दाबून धरला. जीभ दातांत धरली. साळुंकी तारेवर निवांत पिसं साफ करत होती. माझ्या छातीत डबल बेल वाजत होती. तिने चार-पाच फोटो काढले आणि पडदा स्वतःच पाहिला.

"आधीपेक्षा बरा हाय," मी न पाहताच म्हणालो.

"हालला," ती म्हणाली.

मग ती आत आली, तिसरा कॅमेरा हलकेच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "कय्यूमभाऊ, मघाशी जुन्या कॅमेऱ्यानं काढला तो फोटो कुठी हाय?"

"तो... चुकून मिटला, बाई."

"इतक्या लग्नाईत तुमच्याकून कोण्या नवरीचा फोटो चुकून मिटला का?"

कय्यूम पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागला. मला भांडण हवं होतं, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. कॅमेऱ्याशी भांडून झालं होतं. कय्यूमशी भांडावं तर तो बिचारा आमच्यासाठी खोटं बोलला होता. मग मी छताकडे पाहून ओरडलो, "पंखा तरी फास्ट करा ना, किती गरम होऊन राह्यलं!" पौष महिना होता.

"ओरडू नका," सोमारी म्हणाली. "मले मालूम हाय. कोलूदादाचा हात मी रोज पाह्यला. माह्या हातात तो कधी आला, तेबी मालूम हाय. वाटलं होतं, कॅमेराच खराब असंल. तुम्ही इतकं म्हणत होते, तर मले बी खरं वाटाले लागलं."

"डॉक्टरले दाखवलं, बाई?" कय्यूमने विचारलं. "हात कशानं बी हालते. माह्या मामूचा थॉयरॉइडनं हालत होता, गोळीनं राह्यला."

"दाखवीन. पुढच्या सोमवारी चंद्रपूरले जातो," ती म्हणाली. हे तिने मनाशी आधीच ठरवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. "पण कॅमेरा राहू द्या. बोली झाली आमची."

ती पायरी उतरायला लागली. कय्यूमने तिसरा कॅमेरा आणि तो बसवायची एक तिपाई पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. "विकून नाई राह्यलो. दोन दिवस न्या. बोडीवर पाहा. इथी तारेवरच्या साळुंकीवर का कॅमेरा पसंत कराचा असते? नाई जमलं तर वापस आणा."

दुसऱ्या दिवशी पहाटे सोमारी बोडीवर यायला तयार नव्हती. मी म्हणालो, बोली नव्या कॅमेऱ्याची होती, आणि नव्याने बोडीवर अजून एकही फोटो काढलेला नाही. डेपोत साहेबांशी भांडताना नियमाची अशी शेपटी पकडायचो मी. तिला हसू आलं. आली.

धुकं उतरत होतं. बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, दवाने चिखल झाला होता. पलीकडे कापलेल्या धानाच्या बांधीत कुणीतरी बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकावर नीलकंठ येऊन बसला होता. उडाला की निळा रंग असा उघडायचा की माझ्यासारख्या माणसाचंही बोलणं थांबायचं. तो खाली किडा टिपायचा आणि पुन्हा त्याच बांबूवर यायचा.

मी तिपाई उभी केली. एक पाय चिखलात रुतला, दुसरा सरकला. सरळ करेपर्यंत नीलकंठ उडाला. तो परत आला तोवर सोमारीने कॅमेरा तिपाईवर चढवला, तर सगळंच एका बाजूला कलंडलं. मी तिपाईला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. ती कॅमेरा हातात घेऊन तशीच उभी राहिली. डोळ्याला लावला, खाली घेतला. पुन्हा लावला, पुन्हा खाली.

"चला घरी," ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. त्याचाच मला धसका बसला.

मी तिच्यापुढे, पारीवरच्या ओल्या गवतात फतकल मारून बसलो. गळ्यातला दुपट्टा काढला, घडी करून उजव्या खांद्यावर ठेवला.

"ठेव इथी."

"काय ठेवू?"

"लेन्स ठेव. उभी नोकरी हालत्या गाडीत उभा राहून केली मी. खड्ड्यात बी तिकीट वाकडं फाडलं नाई. तिपाईपेक्षा तर बरा हाय ना मी?"

"आन् तुमचं तोंड? ते बंद राहील का?"

"ठेवून तर पाहा."

ती माझ्या मागे गुडघ्यांवर बसली. लेन्स खांद्यावर आली. जड होती. आणि मग मला ते कळलं.

तिचा हात मी रोज पाहत होतो, पण धरला नव्हता. धरला असता तर कळलं असतं, म्हणूनच धरला नसावा. आता ती थरथर दुपट्ट्यातून, सदऱ्यातून माझ्या खांद्याच्या हाडात उतरत होती. बारीक, न थांबणारी. एवढं सगळं ती एकटी घेऊन फिरत होती, चुलीपाशी, देवापाशी, रात्री माझ्या शेजारी झोपताना, आणि मी कॅमेऱ्याला शिव्या देत होतो. मला तिला खूप काही म्हणायचं होतं. पण बोललो असतो तर खांदा हलला असता.

"श्वास धरा," ती कानाशी कुजबुजली.

मी धरला. थरथर हळूहळू माझ्या अंगात मुरत गेली. पार थांबली नाही, पण कमी कमी होत गेली. समोर बांबूवर नीलकंठाने मान वळवली. कानाशी बारीक आवाज झाला. मग पुन्हा झाला.

तिने लेन्स उचलली नाही. तशीच ठेवून ती पडदा पाहत असावी. मला मागे वळून पाहता येत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे, माझी छाती फुटायला आली.

"आला का?" मी ओठ न हलवता विचारलं.

तिचा गाल क्षणभर माझ्या पाठीला टेकला. मग म्हणाली, "हालू नका. अजून एक काढतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात उचलला असता तर फोटो बिघडला असता. मी ते तसंच वाहू दिलं.