टाउनोने बिघडवलेला आलेख

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पण थंडी अडवणारी नव्हे. फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या एका दवाखान्यात मी माणसांच्या मेंदूतले विजेचे बारीक प्रवाह टिपत असे. माझ्या अंगावर एकवीस चकत्या आणि तितक्याच तारा. राइली नावाची तंत्रज्ञ गार लेप लावून मला डोक्यावर चढवी, की पडद्यावर रेघा धावू लागत.

माझा हट्ट एकच: हलायचे नाही, बोलायचे नाही. जबडा हलला की रेघा बिघडतात. इथली माणसे मुळातच अबोल, त्यामुळे माझे चांगलेच फावले.

लाकूड-कारखान्यातला टाउनो आला तेव्हा तर मी हरखलेच. पठ्ठ्या ओंडक्यासारखा निश्चल! बहीण हेल्मी त्याला ओढून घेऊन आली होती. तो म्हणे, "मी आळशी झालोय, बाकी काही नाही."

"असा शहाणा पेशंट वर्षभरात पाहिला नाही," राइली म्हणाली. मीही फुशारले. आज त्याची लाज वाटते.

डॉक्टर वेसांनी रेघा पाहिल्या. कपाळामागच्या डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ बसत नव्हता. "नैराश्यात कधीकधी असं दिसतं," ते म्हणाले, "पण एवढ्यावरून निदान होत नाही. त्यालाच विचारू या."

त्यांनी विचारले आणि वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने टाउनो बोलला, "सकाळी जॅकेटची एक बाही चढवतो. दुसरी चढवायला तास लागतो."

हेल्मीला रडू कोसळले. "अरे, आणि मी तुला कामचुकार म्हणत होते!"

"हा आळस नाही, आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि त्यावर उपचार आहेत."

औषधे सुरू झाली, मन मोकळे करण्याच्या बैठका सुरू झाल्या. दहा आठवड्यांनी टाउनो पुन्हा आला. मी डोक्यावर बसते न बसते तोच त्याची टकळी सुरू!

"राइली, तुमची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी! आणि हा लेप काय तळ्यातल्या बर्फाखालून काढलास?"

"तोंड बंद ठेव रे! रेघांचा पार विचका केलास!"

"वर्षभर बंदच होतं की!"

राइली हसत सुटली. दाराशी हेल्मी टाळ्या पिटत होती. पडद्यावर नुसता धुमाकूळ! इतका बिघडलेला आलेख मी कधी दिला नव्हता, आणि इतका अभिमानही मला कधी वाटला नव्हता.

आता माझे कापड सैल पडले आहे, मी कपाटात असते. तक्रार नाही. एवढेच मागणे आहे, मित्रांनो: कोणी फारच शहाण्यासारखे गप्प बसले, तर शाबासकी देऊन पुढे जाऊ नका. विचारा, आणि थांबा. टाउनो बोलला, कारण त्याच्या उत्तरासाठी कोणीतरी थांबले होते.