ट्राममधली मराठी

ट्राममध्ये पाय ठेवला रे ठेवला, की श्रीपादला आईच्या तोंडावर झाकण घालायची घाई व्हायची. "आई, हळू. लोक बघतात." कोण मेलं बघतंय, हे द्वारकाबाईंना जर्मनीत, कार्ल्सरूहेला लेकाकडे येऊन महिना झाला तरी कळलं नव्हतं. जो तो आपल्या फोनात डोकं खुपसून बसलेला. मागच्या बाकावरची तुर्की बाई तर फोनवर कुणाचा तरी खणखणीत उद्धार करत होती, तिच्या भाषेत.

नात स्पृहा आजीचं सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. परत जायच्या आत तिच्या तोंडून एक तरी मराठी वाक्य ऐकावं, म्हणून द्वारकाबाई रोज तिच्याशी बडबडत. आज त्यांनी पिशवीतून तिळाच्या वड्यांचा डबा काढला आणि पोर एकदम ओरडली, "आजी, मला मोठी दे!"

द्वारकाबाईंचा हात डब्यातच राहिला.

"श्श! स्पृहा, जर्मन बोल," श्रीपाद खेकसला. वर समोरच्या गोऱ्या म्हातारीची माफी मागून मोकळा झाला. ती बिचारी गोंधळून त्याच्याकडेच बघत राहिली. स्पृहाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

द्वारकाबाईंनी मोठी वडी नातीच्या हातात ठेवली आणि ट्रामभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "श्रीपाद्या, तिला जर्मन शिकव, चांगलं शिकव, माझी ना नाही. पण या गावात मराठीची लाज वाटते ती फक्त तुला. ती तुझ्यापाशीच ठेव, माझ्या नातीला देऊ नकोस!"