देवाआधीचा घास

डोंगर माणसाला काय काय देतो हे नकाशावर भरायला रविंद्र डहाणूहून तलासरीच्या त्या पाड्यावर आला, आणि मुहूर्त काय साधला बघा! २०१७च्या जूनची अखेर. डोंगर रानभाजीनं नुसता हिरवागार, आणि पाड्यातलं एक माणूस तिला हात लावेल तर शपथ. कोवळ्या भाजीची पूजा व्हायची होती ना! देवाला दिल्याशिवाय पहिली भाजी खुडायची नाही, चाखायची तर नाहीच. यात बायजी म्हातारीचा भारी दरारा. सुनेनं, दक्षानं, एकदा पूजेआधी दोन पानं तोडली, तर आठ दिवस बायजी तिच्याशी बोलली नव्हती.

रविंद्रनं टॅब उघडला. "आजी, गेल्या सात दिवसांत डोंगरावरून काय आणलंत?"

"काय नाय."

"भाजी?"

"नाय."

"मोहाची फुलं?"

"आता कुठला मोह, सायबा? तो चैतात."

"सात दिवसांतलंच सांगा." बोटानं शून्य दाबलं. वर्षातले बाकीचे तीनशे अठ्ठावन्न दिवस त्या हुशार टॅबच्या खिजगणतीतही नव्हते. बायजी खरं बोलली, एवढाच तिचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी पाड्यातला दिपक पंचायतीतून बातमी घेऊन आला. सरकारी नकाशात ज्या डोंगरापुढे शून्य, तो रस्त्याच्या मुरमासाठी खोदायला मोकळा!

"माझ्याच तोंडानं डोंगर घालवला की गं मी," बायजी दक्षाला म्हणाली. पूजेला अजून पाच दिवस होते, आणि रविंद्र शेजारच्या पाड्यावर संध्याकाळपर्यंतच थांबणार होता.

बायजीनं विळा उचलला. डोंगर चढून टोपलीभर भाजी कापली. मिरची-लसूण घालून भाजी परतली, डबा भरला नि तरातरा शेजारचा पाडा गाठला. रविंद्रच्या समोर बसून तिनं घास तोंडात घातला.

"बघ. खाल्ली. आता लिव."

त्यानंही चाखली. "वा, आजी! थोडी घरी नेऊ का?"

"सगळी ने. आधी लिव."

त्यानं टॅबवर दोनदा बोट फिरवलं. "तुमच्या पाड्याचा फॉर्म कालच वर गेला हो. आता उघडत नाही. पण काळजी करू नका, पाच वर्षांनी पुन्हा फेरी आहे. तेव्हा नक्की भरू."

पाच वर्षांनी! डोंगर तोवर थांबेलच की, रस्त्यात मुरूम होऊन.

बायजीला रडूच कोसळलं. जन्मात पहिल्यांदा ती देवाच्या आधी खाऊन बसली होती, आणि तेही फुकट.